हातात ब्रश कधी येणार?

पत्र

ताई, मी चित्रकलेची पदवी घेतली आहे आणि सध्या एका संग्रहालयाच्या संवर्धन विभागात सहा महिन्यांची इंटर्नशिप करते आहे. त्यातले दोन महिने संपले. आतापर्यंत केलेलं काम म्हणजे कापसाचे बोळे वळणं, जुन्या पुस्तकांवरची धूळ काढणं, किड्यांचे सापळे तपासणं, चित्रांचे फोटो काढणं आणि कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्र आत्ता कोणत्या स्थितीत आहे त्याची नोंद, लिहिणं. रिपोर्ट लिहायचा, फाइलला लावायचा, की पुढचं चित्र. परवा एका तैलचित्रावर नखाएवढा रंग उडालेला दिसला. तो मी अर्ध्या तासात जुळवून भरला असता. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "तुझा हात चांगला आहे, म्हणूनच मला भीती वाटते." हे मला फार लागलं. माझ्याबरोबरच्या मुलींचं काम लोकांना दिसतं, माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. पुढच्या अभ्यासक्रमासाठी पोर्टफोलिओ लागेल, शिवाय रसायनशास्त्र, ज्याच्याशी शाळेनंतर माझा संबंध आलेला नाही. सोडून देऊ का इंटर्नशिप?
— एक प्रशिक्षणार्थी

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

सोडू नकोस, निदान आत्ता तरी नको. पण जे चाललंय ते तसंच चालूही देऊ नकोस. दोन्ही का म्हणते ते सांगते.

आधी मॅडमचं ते वाक्य. तुला तो टोमणा वाटला. मला त्यात काळजी दिसते, आणि ती रास्त आहे. रिकामी जागा दिसली की चित्रकाराचा हात ती पूर्ण करायला धावतो, कारण वर्षानुवर्षं त्याला तेच शिकवलेलं असतं. नखाएवढा रंग उडालाय, शेजारची छटा बघितली, पॅलेटवर मिसळली, लावली. कडेला किंचित फरक दिसतोय म्हणून ब्रश जरासा पलीकडे गेला, मग अजून जरासा. अर्ध्या तासाने खळगा दिसेनासा होतो, आणि त्याच्याभोवतीचा मूळ चित्रकाराचा रंगही दिसेनासा होतो, कारण तो आता तुझ्या रंगाखाली गेलेला असतो. हात जितका सराईत, तितकं हे बेमालूम जमतं. कच्च्या हाताची चूक निदान चटकन नजरेला तरी येते.

संवर्धनात भरायचा तो फक्त खळगा, केसभरही बाहेर जायचं नाही. त्याआधी आजूबाजूचा रंग सुटत नाही ना ते बघायचं, सुटत असेल तर तो आधी बसवायचा. मग खळग्यात भरण घालून ते भोवतालच्या पातळीला आणायचं, त्यावर कॅनव्हासच्या विणीचा पोत उठवायचा, मूळ रंग आणि आपला रंग यांच्यामध्ये वॉर्निशचा पातळ थर ठेवायचा, आणि मग कुठे रंगाला हात घालायचा. तोही सहसा तैलरंग नसतो. तैलरंग काळाबरोबर गडद होतो, पिवळा पडतो आणि इतका घट्ट बसतो की तो काढणारं द्रावक मूळ रंगालाही सोडत नाही. म्हणून पुढेही सहज विरघळतील असे रंग निवडतात. शिवाय छटा जुळवायची ती कोणत्या उजेडात? लॅबमधल्या दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे असतील, तर दालनातल्या उजेडात एकमेकांपासून फुटून दिसू शकतात. तू म्हणतेस ते अर्ध्या तासाचं काम यात कुठे बसतं ते तूच बघ.

तुझ्यासारख्या चित्रकलेतून आलेल्या मुलीने त्रात्तेज्जो ही पद्धत मुद्दाम समजून घ्यावी. रोममध्ये १९३९ साली संवर्धनाची केंद्रीय संस्था उभी राहिली, चेझारे ब्रांदी तिचे पहिले संचालक. त्यांच्या काळात तिथे ही पद्धत घडली. खळगा बारीक उभ्या रेषांनी भरायचा, शुद्ध रंगांच्या रेषा शेजारी शेजारी. चार पावलं मागे गेलं की रेषा एकमेकींत मिसळतात आणि चित्र सलग दिसतं. जवळ गेलं की मूळ काय आणि नंतरचं काय, ते कुणालाही ओळखू येतं. त्यामागचा आग्रह असा की बघणाऱ्याची फसवणूक व्हायला नको. हे कागदावर करून बघ. एखाद्या छापील चित्राला भोक पाड, मागून पांढरा कागद लाव आणि तेवढंच भोक रेषांनी भर. कुंचला धरायची तुझी ओढ तिथे भागव. संग्रहातल्या चित्रावर नको.

घाईत काय होतं याचं उदाहरण जगाने पाहिलं आहे. २०१४ साली कैरोच्या इजिप्शियन म्युझियममध्ये तूतानखामनच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी निसटली आणि ती इपॉक्सी या कायमच्या कडक होणाऱ्या गोंदाने चिकटवली गेली. दाढी सुटणं ही काही नवी गोष्ट नव्हती. १९२० च्या दशकात मुखवटा हाती आला तेव्हाही ती वेगळीच होती. नवं होतं ते इपॉक्सी, आणि ते सांध्याच्या बाहेरही दिसत होतं. २०१५ मध्ये तज्ज्ञांनी लाकडी साधनांनी ते हळूहळू काढलं आणि दाढी मधमाशांच्या मेणाने पुन्हा बसवली, कारण प्राचीन इजिप्तमध्येही मेण चिकटवायला वापरत. मेण ऊब दिली की सुटतं. इपॉक्सी एकदा जमलं की ते अंडं उकडल्यासारखं असतं, पुन्हा पातळ होत नाही. ते चिकटवणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या काही मिनिटांचं निस्तरायला किती माणसांचा किती वेळ गेला ते बघ.

आता तुझ्या कंटाळ्याकडे येते. कंडिशन रिपोर्ट म्हणजे खऱ्या कामाआधीची कारकुनी, असं तुला वाटतंय. मी एक रिपोर्ट दोन पद्धतीने लिहून दाखवते.

पहिला: "चित्राची स्थिती बरी. काही ठिकाणी तडे. वॉर्निश पिवळं पडलेलं."

दुसरा: "वरच्या कडेपासून सुमारे ५ सेंमी खाली, कडेला समांतर, पूर्ण रुंदीभर तड्यांची एक सरळ ओळ. डाव्या अर्ध्यात तड्यांच्या कडा वर उचललेल्या, उजव्या अर्ध्यात सपाट. खाली उजवीकडे एकात एक वर्तुळं असावीत तसे तडे, व्यास ७ सेंमी. मागच्या बाजूने त्याच जागी कापडाचं ठिगळ."

पहिल्यात खोटं काही नाही, पण ते वाचून कुणीही काहीही करू शकत नाही. दुसऱ्यात चित्राचा इतिहास उघडतो. सरळ ओळ आहे ती मागच्या लाकडी चौकटीच्या पट्टीची. पट्टीवरचा कॅनव्हास कमी हलतो, मधला जास्त, आणि दोघांच्या सीमेवर रंग तडकतो. वर्तुळाकार तडे म्हणजे कधीतरी तिथे काहीतरी लागलं, टोक रुतलं. मागचं ठिगळ सांगतं की कापडही फाटलं होतं आणि कुणीतरी ते दुरुस्त केलं. आणि डाव्या अर्ध्यातल्या उचललेल्या कडा सांगतात की हे चित्र आत्ता भिंतीवरून हलवू नका, रंग गळेल. म्हणजे उपचाराचा पहिला निर्णय त्या रिपोर्टातच झाला.

असं लिहायचं तर तसं बघावं लागतं. दिवा चित्राच्या एका बाजूला, जवळजवळ समांतर ठेव, की उचललेल्या प्रत्येक कडेची सावली पडते. समोरच्या उजेडात सपाट वाटलेलं चित्र एकदम डोंगरदऱ्यांचं दिसायला लागतं. अतिनील दिव्याखाली जुनं नैसर्गिक वॉर्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर केलेलं रिटचिंग, म्हणजे वरून भरलेला रंग, काळे डाग होऊन उठतं. तुझ्याआधी कुणाकुणाला अर्ध्या तासात रंग भरायचा मोह झाला होता ते तिथे स्पष्ट कळतं. आणि चित्राची पाठ बघितल्याशिवाय रिपोर्ट पुरा करू नकोस. चिठ्ठ्या, खिळे, पाण्याचे ओघळ, ठिगळं हे सगळं तिथे असतं. दिसतं ते एका ओळीत लिही, त्यावरून काय वाटतं ते वेगळ्या ओळीत. "पाण्याने झालेला डाग" असं लिहू नकोस. "तपकिरी कडेचा डाग, १२ बाय ४ सेंमी, बहुधा पाण्याचा" असं लिही. दहा वर्षांनी कुणीतरी तुझा रिपोर्ट आणि चित्र शेजारी ठेवून तडा वाढला की नाही ते ठरवणार आहे. तेव्हा तुझा अंदाज त्यांच्या कामाचा नसेल, तुझं माप असेल.

बोळ्यांचंही तसंच. काडीवर कापूस टोकाशी जरा सैल हवा, घट्ट वळला तर तो रंगावर घासतो. फिरवायचा तो लाटत, घासत कधीच नाही. आणि प्रत्येक वेळी उचलून त्याच्याकडे बघायचं. करडा-तपकिरी आला तर मळ आहे. लाल किंवा निळा दिसला तर तिथल्या तिथे थांबायचं, कारण तो चित्राचा रंग आहे. कित्येक चित्रांवरचा मळ तर नुसत्या लाळेने निघतो, हे तुझ्या मॅडमनी दाखवलं असेलच. पोर्तुगालमधल्या तिघा संशोधकांनी १९९० मध्ये त्याचा अभ्यास मांडला होता. लाळेतलं अमायलेज हे विकर त्यात कामाला येतं. मला या विषयाचं हेच फार आवडतं, की इतक्या साध्या गोष्टीमागेही नेमकं कारण असतं आणि ते शोधून काढता येतं.

सापळ्यांबद्दल एवढंच, की ते किडे मारण्यासाठी ठेवलेले नसतात, खबर देण्यासाठी असतात. कोणत्या खिडकीजवळ, कोणत्या महिन्यात, कोणता किडा, ही नोंद नीट राहिली तर वाळवी किंवा भुंगेरा कुठून येतोय ते कळतं. फडताळात लाकडाखाली ताजी, फिकट, सैल भुकटी दिसली तर त्याच दिवशी सांग, आठवड्याच्या रिपोर्टाची वाट बघू नकोस.

४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीला पूर आला. राष्ट्रीय ग्रंथालयाची पुस्तकं चिखलात गेली, चिमाबुए या जुन्या इटालियन चित्रकाराच्या प्रसिद्ध क्रूसावरचा निम्म्याहून अधिक रंग वाहून गेला. जगभरातून तरुण मुलंमुली तिथे पोचली. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणायला लागले. त्यातल्या बहुतेकांनी केलं काय, तर रांगेत उभं राहून चिखलाने माखलेली पुस्तकं हातोहात वर दिली. पुस्तकांच्या संवर्धनाचं आजचं शास्त्र त्या पुरानंतरच्या कामातून खूप पुढे गेलं. त्या रांगेतल्या कुणाकडेही दाखवायला पोर्टफोलिओ नव्हता, तरी त्यांच्याशिवाय संवर्धकांच्या टेबलापर्यंत काही पोचलंच नसतं.

इतकं सगळं मॅडमच्या बाजूने बोलले. आता तुझ्या बाजूने बोलते.

पत्रात तू जाता जाता एक वाक्य लिहिलं आहेस: रिपोर्ट लिहायचा, फाइलला लावायचा, की पुढचं चित्र. तुझी खरी तक्रार मला तिथे दिसते, आणि ती तू केलेलीच नाहीस. काम साधं आहे यात गैर काही नाही. ते कुणी तपासत नाही, यात गैर आहे. तुझा रिपोर्ट हातात घेऊन, चित्रासमोर उभं राहून, "हा तडा तू चुकवलास, आणि याला डाग म्हणालीस तो बुरशीचा आहे" असं कुणी म्हणत नसेल, तर तू शिकत नाहीयेस, संग्रहालयाची फुकटात नोंदणी करून देते आहेस. दोन महिने ब्रश न मिळणं चालेल. दोन महिने एकही दुरुस्ती न मिळणं चालणार नाही.

म्हणून मॅडमकडे जा. ब्रश मागू नकोस. तुझे तीन रिपोर्ट घेऊन जा आणि म्हण, "मॅडम, आठवड्यातून एक तास द्याल का? यातला एक घेऊन चित्रासमोर उभ्या राहू या. काय सुटलंय ते मला सांगा." कामात बुडालेल्या माणसालाही हे नाकारणं जड जातं, कारण त्यात त्यांचाही फायदा आहे. दुसरं मागणं, त्या किंवा विभागातलं कुणी उपचार करत असेल तेव्हा शेजारी बसून बघायची परवानगी. हात मागे ठेवून, प्रश्न वहीत लिहून ठेवून, काम थांबल्यावर विचारायचे. तिसरं, उरलेल्या चार महिन्यांत पुरं होईल असं एक छोटं काम स्वतःच्या नावावर.

तिसऱ्यासाठी एक सुचवते. नवं कपाट, नवं कापड, नवा फोम वस्तूंशेजारी ठेवायचा असेल तर त्यातून घातक वाफा निघतात का ते आधी बघतात. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली चाचणी त्यासाठी अजून चालते. बंद काचेच्या भांड्यात तो नमुना, थोडं पाणी, आणि चांदी, शिसं, तांबं यांचे छोटे पत्रे. ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचं. चांदी काळवंडली तर गंधक, शिशावर पांढरं आलं तर आम्लाच्या वाफा. तुमच्या लॅबमध्ये सोय असेल तर दोन-तीन नमुन्यांची चाचणी करून, फोटो काढून, पानभर निष्कर्ष लिहिणं चार महिन्यांत आरामात होतं. आणि त्याचा संग्रहालयाला खरोखर उपयोग होतो.

यातूनच रसायनशास्त्राची भीतीही जाईल. तुला सगळी पाठ्यपुस्तकं उघडायची गरज नाही. काय कशात विरघळतं आणि का, आम्ल आणि अल्कली कागदाचं काय करतात, पॉलिमर म्हणजे काय, इथून सुरुवात कर. पॅरलॉइड बी-७२ या अॅक्रिलिक रेझिनचं नाव तू लॅबमध्ये ऐकलं असशीलच. संग्रहातल्या एखाद्या भांड्यावर क्रमांक घालताना आधी त्याचा थर, मग शाई, मग पुन्हा थर देतात. तो अॅसिटोनमध्ये विरघळतो म्हणून उद्या क्रमांक पुसता येतो. इपॉक्सीच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जातात, म्हणून ते विरघळत नाही. मुखवट्याची सगळी गोष्ट या दोन वाक्यांत आहे. हाताखालच्या वस्तूपासून निघालीस की रसायनशास्त्र परकं वाटत नाही. अभ्यासक्रमाची अट म्हणून वर्ग लावावा लागला तर लाव, पण भिऊन अर्ज अडवून ठेवू नकोस.

पोर्टफोलिओत काय ठेवायचं? तुझे दोन उत्तम रिपोर्ट, दुरुस्तीच्या खुणांसकट. दिव्याच्या वेगवेगळ्या कोनांतले फोटो. वर सांगितलेली चाचणी. आणि घरी केलेला सराव: किंमत शून्य असलेल्या, रद्दीतल्या छापील पानांवर. पान फाड आणि जोड. जपानी कागदाची पट्टी कात्रीने कापू नकोस, पाण्याची रेघ ओढून हाताने ओढून काढ, म्हणजे कडेला लांब तंतू सुटतात आणि ते फाटेच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवतात. गव्हाच्या स्टार्चची खळ अगदी पातळ लाव, वर न चिकटणारं कापड, टिपकागद आणि वजन ठेव. पहिली काही पानं सुरकुततील, कारण खळ जास्त होईल. तीही ठेव. निवड करणाऱ्यांना सुधारणा दिसली पाहिजे. कुटुंबातल्या जुन्या फोटोंवर किंवा पोथ्यांवर सराव करायचा मोह मात्र टाळ. आणि संग्रहालयातला एकही फोटो लेखी परवानगीशिवाय बाहेर दाखवू नकोस. मिळाली तर उपचार कुणी केला आणि तू नोंद केलीस हे फोटोखाली स्वच्छ लिही. हे क्षेत्र लहान आहे, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवलेलं इथे लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र लगेच तपास. पुस्तकांवरची धूळ काढतेस म्हणालीस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची, झगझगीत हिरव्या कापडी बांधणीची पुस्तकं त्यात आहेत का? त्या हिरव्यात आर्सेनिक हे विष असू शकतं आणि ते हाताला लागतं. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने २०१९ पासून अशा पुस्तकांचा शोध घेतला आहे. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांनाही आर्सेनिक लावलेलं असे. नायट्राइल हातमोजे, योग्य मास्क आणि द्रावकांसाठी वाफा ओढून घेणारी यंत्रणा, हे मागताना संकोच करू नकोस. मागूनही मिळत नसेल तर महिना संपायची वाट न बघता सोड. तिथे माझा सल्ला बदलतो.

बाकी, मॅडमशी बोलून झाल्यावर स्वतःला सहा आठवडे दे. तेवढ्यात एक जरी रिपोर्ट लाल खुणांनी भरून परत आला आणि एक तरी उपचार शेजारी बसून बघायला मिळाला, तर सहा महिने पुरे कर, मग ब्रश हातात आला नाही तरी चालेल. काहीच हललं नाही, तर केलेल्या कामाचं प्रमाणपत्र आणि रिपोर्टांच्या प्रती वापरण्याची परवानगी लेखी घे, मॅडमचे आभार मान, आणि जिथे इंटर्नचं काम तपासायला माणूस नेमलेला आहे अशा ठिकाणी अर्ज कर. तिथल्या मुलाखतीत पहिला प्रश्न तूच विचार, "माझे रिपोर्ट कोण वाचणार?"